सात ठिपके आणि चौतीस नावं

गणितात एकाहत्तर.

तुंगा, भद्रा, मलप्रभा, घटप्रभा. काळी नदी सगळ्यात शेवटी सुचली.

अळणावरहून आलेल्या बसमध्ये ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर एक पोतं तांदूळ बसून आलं. शेजारी त्याचा मालक उभा!

"आईला दुसरंही नाव होतं?"

सप्तापूरमधल्या एका दुकानात चार अनोळखी पोरं माझ्याकडे दयेनं बघत होती.

हे सगळं एकाच आठवड्यातलं. आणि या सगळ्याला मी एकटा जबाबदार आहे, हे आधीच सांगून टाकतो. पुढं लपवायला अवघड जातं.

*

कुलूप-किल्लीच्या बाबतीत अख्ख्या मळमड्डीत माझ्याइतका सावध माणूस सापडणार नाही! तेहतीस वर्षं सरकारी कचेरीतल्या रेकॉर्ड रूमची किल्ली माझ्या कमरेला होती. एकदाही हरवली नाही. निवृत्त झालो तेव्हा साहेब म्हणाले, "तुमच्यासारखा माणूस पुन्हा मिळणार नाही." किल्ली परत देताना माझा हात जरा रेंगाळला होता, ते त्यांनी पाहिलं असावं.

तेव्हा कॉम्प्युटरमधल्या फायली चोरीला जातात अशी बातमी पेपरात वाचली आणि कमरेला पुन्हा काहीतरी लटकल्यासारखं वाटलं! मंगला, म्हणजे माझी बायको, पंधरा दिवसांसाठी हुबळीला मुलीकडे गेली होती. घर मोकळं, वेळ मोकळा. कॉम्प्युटरवर पासवर्डचं कुलूप लागणारं एक फोल्डर बनवलं. विजेची बिलं कुलपात घातली. गॅसच्या पावत्या घातल्या. आमच्या मेलेल्या मांजराचे फोटो घातले. आणि मग मंगलाचं फोल्डर दिसलं.

त्यात तिचं लिखाण होतं. एकेचाळीस पानं. अळणावरजवळच्या तिच्या खेड्यातलं लहानपण. दोन वर्षं, रोज दुपारी, एका बोटानं तिनं ते टाइप केलं होतं. एक अक्षर, मग चष्मा वर, मग दुसरं अक्षर. कोंबडी दाणे टिपते तशी. रविवारी मराठी मंडळात ती त्यातलं वाचणार होती. आयुष्यात पहिल्यांदा चार लोकांसमोर उभी राहणार होती. दुसरी प्रत कुठंच नव्हती.

त्याच फोल्डरमध्ये मी तिचं दहावीचं गुणपत्रकही ठेवलं होतं. पेन्शनच्या वारसाच्या कागदासाठी नुकतंच तिच्याकडून मागून घेतलं, स्कॅन केलं आणि परत दिलं. त्यावर तिचं लग्नाआधीचं नाव होतं. मंगला हे आमच्या घरानं लग्नात ठेवलेलं. आधीचं नाव एकोणचाळीस वर्षांत कुणी उच्चारलेलं नाही! चोराच्या सात पिढ्यांना सुचणार नाही! मी तेच नाव, गुणपत्रकावर होतं तसं, इंग्रजी मोठ्या अक्षरांत, पासवर्ड म्हणून घातलं. आठवण म्हणून खाली खूण लिहिली: बायकोचं नाव.

मग कुलपाबाहेरचं मूळ फोल्डर पुसून टाकलं. कचऱ्याची टोपलीही रिकामी केली. काम अर्धवट सोडणं माझ्या स्वभावात नाही!

*

मंगला बुधवारी परत आली. गुरुवारी सकाळी चहाचा कप ठेवत म्हणाली, "अहो, माझी पहिली दहा पानं छापून द्या की. मोठ्या अक्षरात."

"आत्ता देतो!"

MANGALA.

पासवर्ड चुकीचा आहे.

अरे हो. आधीचं नाव. आधीचं नाव म्हणजे...

इथं मला एक गोष्ट मान्य करायची आहे. गुणपत्रक डोळ्यांसमोर लख्ख दिसत होतं. कोपऱ्यातला शिक्का दिसत होता. घडीवर पडलेला चहाचा डाग दिसत होता. गणितात एकाहत्तर दिसत होते, कारण मला त्रेचाळीस होते आणि ते मला त्या दिवशी फार लागलं होतं. नावाच्या जागी मात्र पांढरा पट्टा!

फुलांपैकी असेल. शेवंती, मालती, जाई. चूक. नद्या. चूक. देवी. देवी एवढ्या निघाल्या की जेवायची वेळ झाली.

"झालं का छापून?"

"शाई संपलीय!"

"मी हुबळीला जातानाच तर आणलीत."

"वाळली. हवा कोरडी आहे."

गुणपत्रक तिच्या कपाटात आणि कपाटाची किल्ली तिच्या कमरेला. मी सहज विचारलं, "ते गुणपत्रक जरा दे की."

"कशाला? गेल्याच महिन्यात तर दिलं होतं."

"गणिताचे मार्क पुन्हा बघावे म्हटलं."

तिनं माझ्या कपाळाला हात लावून ताप बघितला.

*

सप्तापूरला अभिषेकचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. मी कॉम्प्युटरचा डबा उचलून रिक्षात घातला आणि तिकडं गेलो. आत कॉलेजची चार पोरं बसली होती.

"आगंगिल्ल री, काका," स्क्रीन बघून अभिषेकनं मान हलवली. "हे कुलूप फुटायचं नाही. नाव आठवा तुम्ही. आणि खूण तर दिलीय की इथं. बायकोचं नाव!"

पोरांनी माना वर केल्या.

"बायकोचं नाव आठवत नाही, काका?"

"आठवतं हो! मंगला! मला तिचं आधीचं पाहिजे."

"मग काकूंनाच विचारा की."

"तिलाच कसं विचारू!"

एका पोरानं उठून मला खुर्ची दिली. मरण आलेल्या घरी देतात तशी.

*

डबा घरी परत आणला आणि योगिताला, म्हणजे मुलीला, फोन केला. "आईचं माहेरचं नाव काय ग?"

"मंगलाच की."

"लग्नाआधीचं."

"आईला दुसरंही नाव होतं?" मग म्हणाली, "बाबा, मला हे कधी कुणी सांगितलंच नाही."

फोन ठेवला. मी म्हणत होतो कुणालाही सुचणार नाही असं नाव निवडलं. आता वाटलं, अडतीस वर्षांच्या लेकीलाही माहीत नाही असं नाव असणं ही काय चीज आहे? आणि ते मला पासवर्डसाठी किती सोयीचं वाटलं होतं!

पण विचार करायला वेळ कुठं होता? शुक्रवार उजाडला होता. उरला एकच माणूस. मंगलाचा धाकटा भाऊ महादेव. गावी शेती करतो, तिला अक्का म्हणतो.

"महादेव, एक सांग. अक्काचं लग्नाआधीचं कागदावरचं नाव काय रे?"

पलीकडं कुकरची शिट्टी वाजली. मग अतिशय सावध आवाज आला. "कागदावरचं? कशाला, दाजी?"

"असंच. आणि तिला सांगू नकोस मी विचारलं म्हणून."

"तिला सांगू नको?"

"बिलकूल नको! आणि हे बघ, रविवारच्या आत पाहिजे."

"रविवारच्या आत. हौदा? असं होय?" महादेवनं श्वास घेतला. "फोनवर नको, दाजी. मी येतो."

वाचकहो, तुम्हाला कळलं असेल. मला नाही कळलं! ज्या भावाच्या नावावर बापाची जमीन आहे, त्याला बहिणीच्या नवऱ्यानं गुपचूप, घाईनं, तिचं कागदावरचं जुनं नाव विचारलं, तर तो काय समजेल? उताऱ्यावर बहिणीचं नाव चढवायचं आहे, वाटणीची केस टाकायची आहे, हेच ना!

*

शनिवारी सकाळी दारात रिक्षा थांबली. आधी पोतं उतरलं, मग महादेव. धुवट पांढरा सदरा, हातात कागदांची पिशवी, डोळे रात्रभर न झोपलेले.

"अग बाई, म्हाद्या! न सांगता?" मंगला आनंदानं पुढं झाली.

"अक्का," महादेव उंबऱ्यातच उभा राहिला. "तुला हिस्सा पाहिजे असेल तर सरळ माग. मी नाही म्हणणार नाही. पण दाजींच्या तोंडून चोरून नको मागू."

"कसला हिस्सा?"

"वरच्या रानातला देतो. विहिरीचं तेवढं राहू दे. पोरांच्या तोंडचं पाणी आहे ते."

"अरे, कसला हिस्सा? अहो, हा काय बोलतोय?"

मी पोत्याकडं बघत म्हणालो, "तांदूळ छान दिसतोय."

"अहो!"

मग मी सांगितलं. सगळं. कुलूप, पुसलेलं फोल्डर, शाई, सप्तापूर. कचेरीत चौकशी समितीपुढं लोक उभे राहायचे, तसा उभा राहून सांगितलं. शेवटी म्हणालो, "तुझी पानं आत आहेत. आणि मला तुझं नाव आठवत नाही."

महादेव हसायच्या बेतात होता. अक्काचं तोंड बघून थांबला.

तिनं विचारलं, "कोणकोणती घालून बघितलीत?"

मी यादी दिली. चौतीस नावं, नंबर घालून. ती मोठ्यानं वाचू लागली. "गोदावरी. नाही. शेवंती. ही शेजारची. द्रौपदी..." तिनं माझ्याकडं बघितलं. "द्रौपदी, अहो?"

"सुचेल ते घातलं."

"तुंगा."

"तुंगा आमची म्हैस!" महादेवला राहवेना. "मारकी होती. दाजी, तुम्हाला लग्नाच्या दिवशी तिनंच तर ढकललं होतं!"

"म्हशीचं बरं आठवलं," मंगला म्हणाली.

"अक्काचं नाव सोपं आहे की, दाजी. हि..."

"म्हाद्या! सांगायचं नाही." ती कॉम्प्युटरसमोर जाऊन बसली. चष्मा वर केला. "तिकडं बघा तुम्ही."

मी भिंतीकडं तोंड केलं. भिंतीवरच्या फोटोच्या काचेत स्क्रीन दिसत होता, पण काय उपयोग? एक बोट, एक ठिपका. एक बोट, एक ठिपका. सात ठिपके झाले आणि फोल्डर उघडलं. पहिल्याच फटक्यात.

एकेचाळीस पानं. एकही हललं नव्हतं.

मला इतकं हायसं वाटलं की मी पोतं एकट्यानं उचलून स्वयंपाकघरात नेलं. कंबर धरली ती अजून सुटलेली नाही. परत येईपर्यंत तिनं पासवर्ड बदलला होता.

"नवा काय ठेवलास?"

"तुमचं लग्नाआधीचं नाव."

"पण माझं नाव कुठं बदललंय?"

"मग सोपं आहे की!"

महादेव जेवून, कागदांची पिशवी न उघडता, दुपारच्या बसनं गेला. ती मागच्या अंगणात गेल्यावर मी माझं नाव घालून बघितलं.

पासवर्ड चुकीचा आहे.

*

रविवारी मंडळाचा हॉल बऱ्यापैकी भरला होता. मंगलानं निळी इरकली नेसली होती. मांडीवर दहा पानं, मोठ्या अक्षरात. शाई अजिबात वाळलेली नव्हती. नावाची चिठ्ठी तिनं स्वतःच लिहून सूत्रसंचालकांकडे दिली होती.

एक निवृत्त प्राध्यापक वाचून बसले. टाळ्या झाल्या. सूत्रसंचालकांनी पुढची चिठ्ठी उघडली. "आता आपल्यासमोर लेखन वाचतील, हिराबाई तुकाराम."

हॉलमध्ये कुणी उठलं नाही. मी मान वळवून मागच्या रांगेत बघितलं. मग डावीकडं बघितलं. कोण बाई आहेत या, लवकर उठत का नाहीत, लोकांचा किती वेळ घेतात!

तेवढ्यात माझ्या शेजारची खुर्ची वाजली.

जून १९८५ मध्ये माझ्या आत्यानं आमच्या घरात आलेल्या नव्या सुनेला हुबळीला कानाच्या डॉक्टरांकडे नेलं होतं, कारण मंगला म्हणून कितीही हाका मारल्या तरी ती वळून बघत नव्हती. डॉक्टरांनी तपासून लिहून दिलं, दोन्ही कान उत्तम आहेत.