निलमिनीबाई पटले हिंदुस्थानच्या नागरिक कैशा जाहल्या

कामठे मुक्कामीच्या पटले मंडळींनी आज्ञा केली की, आपले घरची सून निलमिनीबाई हिने हिंदुस्थानचे नागरिकत्व कोणत्या पराक्रमे मिळविले, तो मजकूर मुळापासून लिहून ठेवावा; कारण पुढे नातवंडे विचारतील, आणि तोवर सांगणारे आपापसांत भांडून तीन निरनिराळ्या हकिकती सांगू लागतील. आज्ञा शिरी धरून लिहितो. जे घडले तेच लिहिले आहे. कचेरीस जागोजागी थोर म्हटले आहे, ते भयास्तव म्हटले आहे.

पूर्वपीठिका ऐशी की, पटले हे कुळीचे पोवार. यांचे मूळ पुरुष माळव्यातून निघाले आणि बायकापोरे, बैल, भांडी घेऊन वैनगंगेच्या खोऱ्यात उतरले आणि जंगल तोडून, बांध्या घालून, धान लावून राहिले. त्यांस कोणी विचारले नाही की अर्ज कोठे, फोटो कोठे, मागील सात वर्षांत माळव्यास किती वेळा गेलात. तो काळ अडाणी होता.

त्या कुळात राजमान्य राजेश्री कुंजीलालजी, त्यांच्या पत्नी मातुश्री फुलवंताबाईसाहेब, आणि त्यांचे चिरंजीव धनेंद्रराव. धनेंद्ररावांचा हुन्नर राइस मिलची यंत्रे बसविण्याचा. गोंदियाच्या एका व्यापाऱ्याने त्यांस सिंहलद्वीपी पोलोन्नरुवा नामे धानाचे मुलुखात एक यंत्र बसविण्यास रवाना केले. तेथील गिरणीची हिशेबनीस निलमिनी, एकुलती एक कन्या, बोलण्यास तिखट. यंत्र सुरू होताच आपल्या टेबलावर कोंडा उडतो, अशी तिने तक्रार गुदरली. धनेंद्ररावांनी यंत्र दुरुस्त केले. दुसरे दिवशी ते दुरुस्त यंत्र पुन्हा दुरुस्त करावयास गेले, मग तिसरे दिवशीही गेले, आणि ऐशी दुरुस्ती यंत्र उत्तम चालत असताही दोन महिने चालली. मग लग्न जाहले.

सून कामठ्यास दाखल होताच गावाने लंकेचा विनोद केला. जो तो हा विनोद आपणच प्रथम केला ऐशा आनंदात करी, आणि निलमिनीबाई प्रत्येकास प्रथमच ऐकल्यासारखे हसून दाखवीत. यावरून त्यांचे अंगी राज्यकारभारास लागणारे धैर्य किती होते ते कळेल. सासूबाईंनी एकच परीक्षा घेतली. भात शिजवावयास सांगितला, शिते बोटांत चोळून पाहिली आणि हुकूम फर्मावला, "मोकळा होते हिच्या हातचा. राहू द्या." पुढे सून झाडीबोली ऐशी शिकली की गोंदियाच्या बाजारात भाजीवाले तिच्याशी हिंदीत बोलत आणि ती त्यांस कामठ्याच्या बोलीत झापी. मग सोनिका नामे कन्यारत्न जाहले.

ऐसे सर्व यथास्थित चालले असता पोलोन्नरुवाहून खलिता आला की मातुश्री सोमावती अम्मा यांस लकवा जाहला. निलमिनीबाई गेल्या, हातपाय चळेपर्यंत राहिल्या. पुढे वडील निवर्तले, तेव्हा गेल्या. मग अम्मा एकटी पडली, खाईना, म्हणून पुन्हा गेल्या. त्या तिसऱ्या खेपेहून सोनिकेस घेऊन परत येताना विमानतळावर शिपायाने मायलेकींची ताटातूट केली. लेक हिंदुस्थानी, तिने या रांगेत जावे. आई परदेशी, तिने त्या. पोर शाळेत जाण्याइतकीही मोठी नव्हती. ती आपल्या रांगेत एकटी उभी राहून "आई" म्हणून टाहो फोडू लागली, आणि आई दोरीच्या पलीकडून, "इथंच हावो मी, रडू नोको," ऐसे ओरडू लागली, आणि अखेर एका परक्या बाईने लेकीस कडेवर घेऊन पार केले. घरी येताच निलमिनीबाईंनी चप्पल न काढता यजमानांस सांगितले, "आता मले नागरिकत्व पाह्यजे. काय लागते थे पाहा."

लागत होते ते बहुत होते.

गोंदिया शहरी एक थोर कचेरी आहे. तिचे नाव लिहिण्याचा शिरस्ता नाही. प्रथम संगणकाच्या देवडीवर अर्ज चढवावा, ती देवडी दुपारी झोपते आणि सकाळी उघडत नाही. मग त्याच अर्जाचे कागद हाती घेऊन हुजूर दाखल व्हावे. धनेंद्ररावांनी ही देवडी पंधरवडाभर ठोठावून सर केली आणि उभयता मोटारसायकलवर स्वार होऊन कूच करते जाहले. कचेरीत परदेशी लोकांचे मेज केवलरामजी सांभाळीत. गृहस्थ वाईट नव्हते. त्यांचे मेजावर वर्षात तीन माणसे येत, त्यामुळे चौथे आले की ते दचकत.

केवलरामजींनी कागद उलटसुलट पाहून विचारले, "आप तो बहुत बाहेर राहिल्या, बाई. घडी घडी जाऊन राहिल्या. काऊन?"

"आईले लकवा झाला होता."

"बरं. मंग दुसऱ्यानं?"

"बाप मेला."

"आन् तिसऱ्यानं?"

"आई एकटी होती."

केवलरामजींस वाईट वाटले, ते त्यांच्या मुद्रेवर दिसले, परंतु मुद्रेस कचेरीत शिक्का नसतो. ते म्हणाले, "देखो बाई, रूल तो रूल है. सात वर्सं इथं राहाले पाह्यजे. त्यातही शेवटचं वर्स पूर्ण, हद्दीबाहेर पाय नाई. तुमचं तं कितीतरी कमी भरते." आणि अर्ज वर पाठविला, आणि काही महिन्यांनी वरून फर्मान आले की, अर्जदार वारंवार व दीर्घकाळ देशाबाहेर असल्याने तिचे सामान्य वास्तव्य येथे असल्याची खात्री होत नाही, सबब नामंजूर. आईचा लकवा, बापाचे मरण यांचा फर्मानात उल्लेख नव्हता. सरकारास आई असते किंवा कसे, येविशी दफ्तरात कागद मिळत नाही.

कुंजीलालजींस हा अपमान सोसवेना. ते म्हणाले, "आपल्या घरी राहून राहिली, आपलं खाऊन राहिली, आन् हे म्हनतेत राहत नाई. मंग हे कोन हाये, भूत?" परंतु तोफा नव्हत्या. सबब मसलत ठरली की वेढा घालून बसावे. निलमिनीबाईंनी कमी पडलेली वर्षे येथेच बसून भरून काढावी, आणि भरली की पुन्हा चाल करावी. तोवर हद्द ओलांडू नये.

हा वेढा फार दिवस चालला, आणि त्यात वेढा घालणारेच अडकून पडले होते. तिकडे मावसबहिणीचे लग्न जाहले, निलमिनीबाईंनी ते मोबाइलवर पाहिले. बापाचे वर्षश्राद्धासारखे दान तिकडे दिले गेले, त्यांनी येथे कामठ्यात कोणा भुकेल्यास जेवू घातले. अम्मा रोज दिसत, रोज थोड्या लहान दिसत.

आणि वर्षे भरत आली, शेवटचे ते अखंड वर्षही निम्म्याहून पुढे सरकले, तो शेजारणीचा फोन आला की अम्मा ओसरीवर पाय घसरून पडल्या, खुब्याचे हाड मोडले, दवाखान्यात आहेत, आणि निलमिनी निलमिनी म्हणतात.

त्या समयी पटल्यांचे अंगणात धान वाळत घातले होते. निलमिनीबाई ते तुडवीतच आत गेल्या, बॅग काढली आणि हाती येईल ते कोंबू लागल्या. धनेंद्रराव दारात येऊन म्हणाले, "साल वाया जाईल." आणि म्हणताक्षणीच त्यांस कळले की हे म्हणावयास नको होते.

"जाऊ द्या वाया," निलमिनीबाई म्हणाल्या. "नाई पाह्यजे मले तुमचं नागरिकत्व. माही माय पडून हाये अन् मी इथं दिवस भरू?"

कुंजीलालजी धानाकडे पाहत राहिले. तेव्हा मातुश्री फुलवंताबाईसाहेब, ज्यांची आजवरची सर्वांत लांब मोहीम डोळ्याच्या ऑपरेशनास्तव नागपूरपर्यंत गेली होती, त्या सुपडे खाली ठेवून उठल्या आणि त्यांनी बॅगेतील सुनेचे कपडे बाहेर काढले.

"थे बॅग मले दे. मी जातो."

"तुमी? तुमाले तिकडची बोली येत नाई, आई."

"बुडगीले न्हाऊ घालाले बोली कायले पाह्यजे? लकव्याच्या वक्ती तू केलंस. आता मी करतो. तू इथं बस. सरकारले दिसाले पाह्यजे तू बसली हाये म्हनून."

निलमिनीबाई खाटेवर बसल्या आणि रडू लागल्या, आणि सासूबाई लुगडी घड्या करून बॅगेत रचू लागल्या.

सोनिकेच्या जन्मानंतर विहिणीस नात दाखविण्याचा बेत निघाला होता, तेव्हा काढलेला फुलवंताबाईंचा पासपोर्ट कोराच पडला होता. धनेंद्रराव त्यांस पोहोचवून परत आले. मग पोलोन्नरुवास दोन राण्यांचे जे राज्य सुरू जाहले त्याचे वर्णन काय करावे! ही झाडीबोलीत बोले, ती सिंहलीत उत्तर देई, आणि दोघींचे भांडण उत्तम होई. भाजीत नारळ किती घालावा येविशी तह होण्यास महिना गेला. परंतु फुलवंताबाईंनी अम्मास न्हाऊ घातले, कूस बदलली, हट्टाने उभे केले, आणि व्हिसाची मुदत सरताच परत येऊन, धानाची रोवणी उरकून, पुन्हा गेल्या, आणि ऐशा खेपा पुढेही चालू ठेविल्या. हिंदुस्थानाबाहेर त्या ऐशा महिनोन्‌महिने राहिल्या, त्याविषयी कचेरीने चकार शब्द विचारला नाही. कारण त्या जन्मतःच येथे होत्या आणि येथेच जन्मास आलेल्याची निष्ठा तपासण्याचा शिरस्ता नाही.

इकडे वर्ष पुरते भरले. दुसरी चाल जाहली. चौकशीस पोलीस हवालदार कामठ्यास आले आणि त्यांनी शेजारीण शामकलाबाई यांस गंभीर प्रश्न केला की सदरहू बाई खरोखर येथे राहतात काय. शामकलाबाई नळावर घागर भरीत होत्या.

"राहते काऊन नाई? रोज माह्यासंग भांडते. कालच भांडली. पानी सोडलं का पयले आपलीच घागर लावते."

हवालदारांनी वास्तव्य सिद्ध, ऐसे लिहून घेतले. याहून पक्का पुरावा त्या थोर कचेरीस आजवर मिळाला नसेल.

मग सुनावणी, उभयता हजर. या खेपेस मेजापलीकडे मोठे साहेब खासे बसले होते, नवे, पुण्याकडचे, शुद्ध बोलणारे. केवलरामजी बाजूस उभे. साहेबांनी कागद वाचले, भिवया उंचावल्या आणि विचारले, "तुमच्या आईंना अपघात झाला, असं दिसतंय. त्यांना तुमच्याशिवाय कोणी नाही. तरी तुम्ही गेला नाहीत? दीड वर्ष?"

"नाई गेली."

"का नाही गेलात?"

येथे केवलरामजींनी मान खाली घातली. निलमिनीबाईंनी यजमानांकडे पाहिले, मग साहेबांकडे, आणि त्यांचा आवाज चढला.

"साहेब, गेली होती तवा म्हनले काऊन गेली. आता नाई गेली तं म्हनता काऊन नाई गेली. माही माय तिकडं पडली अन् मी इथं धान वाळवत बसली, तुमच्या रूलसाठी. रोज फोनवर थे रडे अन् मी इकडं रडो. माह्या जागी माही सासू गेली. आजही तिथंच हाये. तुमाले अजून काय पाह्यजे मले विचारा, पन हे नोका विचारू."

साहेबांनी टोपण लावलेले पेन पुन्हा उघडले, काही लिहिले, खोडले, पुन्हा लिहिले. मग त्यांनी हलकेच विचारले, "सासूबाई? त्यांना तिकडची भाषा येते?"

"नाई येत."

"बसा," साहेब म्हणाले. त्या बसलेल्याच होत्या. ही चूक कोणी दाखविली नाही.

पुढे कागद दिल्लीस गेला, आणि दिल्ली फार मोठी असल्याने तेथे बहुत काळ हिंडला. मग मंजुरी आली, तीत अट की आधी जुने नागरिकत्व सोडावे. निलमिनीबाईंनी आपला जुना पासपोर्ट परत करण्यापूर्वी स्वयंपाकघरात नेला, आईबापाच्या गावाचे नाव लिहिलेले पान उघडून पाहिले आणि बराच वेळ मिटला नाही. त्या दिवशी घरात कोणी विनोद केला नाही, लंकेचाही नाही.

शपथविधीस कुंजीलालजी नवे धोतर नेसून हजर राहिले. राज्यघटनेवर निष्ठा ठेवण्याची शपथ वाचताना "घेते" असे छापले असता निलमिनीबाई "घेतो" म्हणाल्या, कामठ्याच्या सर्व बाया म्हणतात तैशा. पुण्याच्या साहेबांनी मान हलविली आणि पुढे वाचू दिले. प्रमाणपत्र हाती पडले. केवलरामजींनी सर्वांस चहा पाजला, तो कचेरीच्या इतिहासात नोंद घेण्याजोगा आहे.

दुपारी तिकडे फोन लागला. पडद्यावर फुलवंताबाईसाहेब दिसल्या, मागे अम्मा काठी धरून उभ्या.

"झाली का तू इंडियाची?"

"झाली, आई."

"मंग आता ये इकडं. मी थकली अन् हे बुडगी माहं ऐकत नाई."

ऐशी बहुत वर्षे चाललेली ही मोहीम कामठेकरांनी फत्ते केली आणि निलमिनीबाई धनेंद्र पटले या हिंदुस्थानच्या नागरिक म्हणून दफ्तरी दाखल जाहल्या, त्याची ही नोंद. नवे नागरिकाने पहिले राजकार्य काय केले, हेही लिहावे ऐसे कुंजीलालजींचे सांगणे. सबब लिहितो की, नवा पासपोर्ट हाती येताच त्याच आठवड्यात त्या देशाबाहेर रवाना जाहल्या. परतण्याची मुदत: ठरली नाही. कारण: आई.