फायनलचा माणूस

कल्याण गाडेकर लीगचे सामने खेळत नसे. राहात्याच्या टेनिस बॉल संघाचा तो कप्तान होता, फ्लेक्सवर सगळ्यांत मोठा फोटो त्याचा होता आणि गुडघा एकच चांगला होता. तो त्याने फायनलसाठी राखून ठेवला होता.

यंदा पहिला सामना तो खेळला, कारण त्या दिवशी नारळ फोडायचा होता. पुढच्या तिन्ही सामन्यांना त्याने आपल्या जागी अजीजभाईंना उभं केलं. अजीजभाई पन्नाशीचे, पेरूचे व्यापारी. पंधरा वर्षं संघाला पाणी पाजत आलेले.

"कल्यान, मला बॅट नीट धरता येत न्हाई."

"धरू नका, नुसते हुभे ऱ्हावा. पाच टीम, चार पुढं जात्यात. लीग खेळायची ती एकाला घरी घालवायला! लीग काय, कुनीबी खेळतं. मान फायनलला आसतो."

अजीजभाई दोनदा शून्यावर बाद झाले, एकदा छातीवर कॅच घेतला. संघ चौथा आला. म्हणजे पुढे गेला.

रविवारी सकाळी सेमी, दुपारी फायनल. कल्याणने सासऱ्यांना अकोल्याहून बोलावून घेतलं होतं. लग्नाला अकरा वर्षं झाली, तरी जावई नेमकं काय करतो हे त्यांना कळलं नव्हतं. आज दाखवायचंच होतं. सकाळी सेमीसाठी गुडघ्याला पट्टा बांधून तो निघाला, तेवढ्यात स्कोअरर ओंकारने वही आडवी धरली.

"कल्यानदादा, तुमाला खेळता येनार न्हाई. नियम सात. लीगच्या दोन मॅच खेळल्याबिगर सेमी-फायनल न्हाई."

"कुन्या येड्यानं केला ह्यो नियम?"

ओंकारने वही वळवली. गेल्या साली शेजारच्या गावाने फायनलला पुण्याचा बॉलर आणला होता, तेव्हा कल्याणनेच टेबलावर मूठ आपटून हा नियम करून घेतला होता. खाली त्याची सही होती, तीही दोनदा.

सेमी त्याच्याविनाच जिंकली गेली. याचंही त्याला जरा वाईट वाटलं.

दुपारी सासरे जीपमधून उतरले, सोबत त्यांच्या गावातली नऊ माणसं. "आमचे जावई कोनते?" त्यांनी लेकीला, रुपालीला विचारलं. तिने पदर सावरत मैदानाकडे बोट केलं. स्पीकर गरजला, "पाणी घेऊन येत आहेत राहात्याचे कप्तान!" सासऱ्यांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. मग नऊजणही उठले.

अजीजभाईंनी घोट घेतला आणि बाटली परत दिली. चेहऱ्यावर थट्टेचा मागमूस नव्हता.

"मन लहान करू नको, कल्यान. लीगला काय, पानी कुनीबी पाजतं. मान फायनलला आसतो."