डबल बासची तार आणि ठकुबाईवरचा आळ

पोटच्या पोरानं आईच्या खाटेला लाल चिठ्ठी डकवावी, हे चाकणच्या आसपासच्या गावांत आजवर कुणी ऐकलं नव्हतं. चिठ्ठीवर होतं, 'संशयित कारण'. ठकुबाईला वाचता येत नव्हतं, म्हणून तिनं ती सुनेकडून, वर्षाराणीकडून, दोनदा वाचून घेतली आणि दोन्ही वेळा सारखीच भडकली.

सगळं त्या कोपऱ्यातल्या धुडापायी. कुलदीप त्याला डबल बास म्हणायचा. पुरुषभर उंचीचं व्हायोलिन, उभं राहून वाजवायचं. रविवारी कंपनीच्या वर्धापनदिनाला तो ते साहेबलोकांसमोर वाजवणार होता. पण वाद्याच्या बुडाशी तारा अडकवायच्या पट्टीच्या खाचेत तार जिथं बसते, नेमकी तिथंच ती झिजून तुटायची. महिन्यात तीन तारा गेल्या. आता राखीव उरली होती एकच.

कुलदीप कंपनीत क्वालिटीला, म्हणजे माल तपासायला. तिथं माल बिघडला की पाच वेळा 'का' विचारायची रीत. ती त्यानं घरी आणली.

"आये, तार का झिजली?"

"मला काय इचारतो? तारेला इचार."

"तू ओल्या फडक्यानं पुसतीस. का पुसतीस?"

"धूळ बसती म्हणून."

"धूळ का बसती?"

"समोरनं ट्रक जात्यात म्हणून. आन ट्रक जात्यात, कारण तुझ्या बापानं वावर कंपनीला दिलं म्हणून. झाले का पाच, का बापालाबी चिठ्ठी लावतो?"

कुलदीपनं फॉर्मवर 'मूळ कारण : आई' असं लिहिलं, कंपनीत बिघडलेल्या मालाला लावतात ती लाल चिठ्ठी तिच्या खाटेला डकवली आणि डबल बासभोवती फरशीवर पिवळी पट्टी चिकटवली. आत आईनं पाय टाकायचा नाही. त्या पट्टीच्या आत ठकुबाईची खाट गेली, टीव्ही गेला आणि देव्हारासुद्धा गेला.

सकाळी शेजारच्या सोजरबाईनं ती पिवळी पट्टी बघून दारातूनच विचारलं, "ठके, पोलिस आलते का गं?"

सोजरबाईला कळलं म्हणजे दुपारच्या आत अख्ख्या आळीला कळलं, की ठकुबाई लेकाच्या तारा तोडते. तीन दिवस ती उंबऱ्यावर बसून धुमसत राहिली. पट्टीच्या आत पाऊल टाकलं नाही.

शनिवारी संध्याकाळी कुलदीप शेवटची तार चढवायला बसला. ठकुबाईनं मुद्दाम सोजरबाईला शेजारी बसवलं. "माझे हात कुटं हायेत ते बघ गं," म्हणाली.

कुलदीप खुंटी पिळू लागला. तारेच्या टोकाला गुंडाळलेला लाल धागा खाचेपाशी उसवायला लागला.

"थांब!" ठकुबाई उठली ती थेट पिवळ्या पट्टीच्या आत.

"आये, लाइन!"

"चुलीत घाल तुझी लाइन!" तिनं खाचेत बोट फिरवलं. बोटाला रक्त आलं. "सुरीची धार हाय हितं! गोठ्यात दावं एकाच जागी झिजलं की मी आदी खुटा चाचपायची. गाईला चिठ्ठी न्हाई लावली कदी."

कुलदीपचा चेहरा उतरला. लाकडाची जुनी पट्टी चिरली, म्हणून ही ॲल्युमिनियमची त्यानंच ओव्हरटाइमला कापून आणली होती. आणि कापलेल्या कडेला धार राहिली का, हे बोटानं तपासायचं, याचाच तर त्याला कंपनी पगार देत होती.

वर्षाराणीनं वाकून त्या ॲल्युमिनियमच्या पट्टीच्या मागं पाहिलं. तिथं हिरवा स्टिकर होता. तिनं तो मोठ्यानं वाचला, "'तपासले, ओके. कुलदीप.'"

सोजरबाईनं पदर तोंडात कोंबला. कुलदीप धार घासायला कानस आणायच्या निमित्तानं सटकायला लागला. ठकुबाईनं खाटेवरची लाल चिठ्ठी सोलली आणि त्याच्या छातीवर थापली.

"आता पिवळ्या पट्टीच्या आत तू बसायचं, कुलदीपा. खाच घासायची, तारेखाली चामड्याचा तुकडा घालायचा. आन बोट फिरवून मी ओके म्हणल्याबिगर भाईर पाय टाकायचा न्हाई!"