लेखरामकाकांची मिरवणुकीची पारख

आमच्या समोरच्या घरातले लेखरामकाका चालत्या मिरवणुकीत शिरतात, मोजून दहा पावलं चालतात आणि बाहेर येऊन तिचा निकाल देतात. त्या दहा पावलांत ते नाचत नाहीत, घोषणा देत नाहीत, कोणाच्या हातचं सरबतही घेत नाहीत. मग बाजूला येऊन हात झटकतात.

"कणी लय हाय. नाई जमत."

याचा अर्थ लागायला काकांची नोकरी माहीत पाहिजे. पस्तीस वर्षं ते गोंदियाच्या एका राइस मिलमध्ये तांदूळ तपासायचे. हातात परखी, म्हणजे टोकदार पोकळ नळी. ती पोत्यात खुपसायची, मूठभर तांदूळ काढायचा, तळहातावर पसरायचा, आणि अख्ख्या ट्रकचा निकाल त्या मुठीवर लावायचा. निवृत्त झाले तेव्हा मिलने त्यांना शाल दिली आणि परखी ठेवून घेतली. तेव्हापासून काका स्वतःच परखी झाले.

मिरवणुकीत मोबाइल वर धरून स्वतःचाच फोटो काढणारा, तो कणी. पिऊन कोपर मारणारा, तो खडा. कोणी बघतंय की नाही याची फिकीर न करता चालणारा, तो अख्खा दाणा. "शंभरात साठ दाने अख्खे पायजेत," काका म्हणतात, "नाईतं मी माही चप्पल कायले झिजवू?"

आणि ही चप्पल आमच्या आमगावात झिजत नाही. गावातल्या मिरवणुकीला ते ओट्यावरूनच हात जोडतात. "हे पोतं मले पाठ हाय." त्यांना लागते नागपूरची. तीन तास गाडीत बसून जायचं, इतवारीला उतरायचं, मिरवणूक करायची आणि रात्रीच्या जेवणाला परत. रामनवमी, गणपती, देवी, मारबत. नागपुरात एका दिवशी दहा मिरवणुका निघतात, म्हणून निवड आली, आणि निवडीसाठी मी.

मी आमच्या घरातला पहिला पदवीधर. हे मी कोणी न विचारताही सांगतो. माझ्या आईने तेंदूपत्ता तोडून मिळवून दिलेली डिग्री मी लपवून काय करू? काकांनी त्या डिग्रीचा एकच उपयोग शोधला. आदल्या दिवशी ते समोरून हाक मारतात.

"बीएवाले! त्या फोनमधी पाय बरं, हे लोक कोन्या रस्त्यानं जाऊन राहिले?"

"सराफा ओळीतून येतात काका, मग मंदिरापासून डावीकडे."

"डावीकडं? मंग राहू दे. त्यायच्या ढोलात दम नाई."

"मी रस्ता सांगितला. ढोल कुठे ऐकला तुम्ही?"

"रस्त्यावरून ढोल समजते बे. पस्तीस वर्सं का झक मारली मी?"

मंदिरापासून उजवीकडे जाणाऱ्या सगळ्या मिरवणुकांच्या ढोलात दम असतो, हे रस्ते शोधून देण्याच्या दुसऱ्या वर्षी माझ्या लक्षात आलं. उजवीकडच्या रस्त्यावर एका इमारतीत, पहिल्या मजल्यावर, वर्षा राहते. वर्षा म्हणजे काकांची मुलगी, एकुलती एक. काकू गेल्या तेव्हा ती सहावीत होती. तिच्या वेण्या काकांनी घातल्या, तिला नर्सिंगला काकांनी पाठवलं. आणि सहा वर्षांपूर्वी तिने नागपुरात, चार साक्षीदार घेऊन, कोर्टात लग्न केलं.

मुलगा परजातीचा होता. गल्ली कान देऊन उभी होती की आता काका जातीवरून भडकणार. काका भडकले, पण भलत्याच गोष्टीवरून.

"वरात नाई काढली! बँड पाह्यत होतो मी वीस वर्सं. बालाघाटपासून डोंगरगडपर्यंत सारे बँड आयकले. आन् हिनं सही करून लगन केलं, पोस्टात खातं उघडल्यावानी!"

आणि भर गल्लीत म्हणाले, "ज्या घरी वरात गेली नाई, त्या घरची पायरी लेखराम चढनार नाई."

माणूस शब्दाचा पक्का. सहा वर्षांत पायरी चढला नाही. पण रस्ता सरकारचा, आणि मिरवणूक देवाची. त्यामुळे वर्षातून चार-पाच वेळा काका त्या गॅलरीखालून जातात. वर वर्षा उभी असते, आता कडेवर मनू असते, नात. मनू हात हलवते. काका हात हलवत नाहीत. ते तिथे, फक्त तिथेच, दोन्ही हात वर करून नाचतात. गॅलरी मागे पडली की हात खाली.

"हात हालवला ना काका, मी पाहिलं," मी एकदा म्हणालो.

"नाचनाऱ्याचे हात वरतच जातेत. कालेजात शिकवलं नाई तुले?"

यंदा पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे लहान पोरं लाकडी नंदी मिरवतात त्या तान्ह्या पोळ्याला, मी त्यांच्याबरोबर मारबतीला गेलो. मारबत म्हणजे भल्यामोठ्या बाईचा पुतळा. तो गावाबाहेर नेऊन जाळतात, आणि जाता जाता लोक आपापली पीडा तिच्या पदरात टाकतात. रोगराई, महागाई, खड्डे, जे असेल ते ओरडायचं आणि शेवटी म्हणायचं, घेऊन जा गे मारबत! काका निघताना गल्लीची पीडा गोळा करून आणतात. यंदा माझ्या आईचा गुडघा होता, शेजारच्यांच्या तुरीवर पडलेली माकडं होती आणि पोस्टमास्तरांची सासू. सासूचं नाव पोस्टमास्तरांनी कानात सांगितलं होतं. काकांनी ते इतवारीच्या चौकात खणखणीत आवाजात ओरडून टाकलं.

"आन् तुमची पीडा काका?"

"मले काय धाड भरली?" ते म्हणाले आणि सदऱ्याची वरची गुंडी लावली. मंदिर आलं होतं. आम्ही उजवीकडे वळलो.

गॅलरी रिकामी होती.

दोरीवर कपडे नव्हते. दार बंद. काकांनी सवयीने हात वर केले, एक गिरकीही घेतली आणि मधेच थांबले. मागून येणाऱ्या ढोलवाल्याला म्हणाले, "आवाज कमी काऊन केला रे? वाजव ना जोरानं!" तो जीव तोडून वाजवतच होता. तो म्हणाला, "बाबाजी, आगे चलो ना." मिरवणूक आमच्या दोन्ही बाजूंनी पुढे जाऊ लागली. पिवळी मारबत हलत-डुलत पार गेली. मागे फुटाणे आणि एकेकट्या चपला उरल्या, आणि काका त्या गॅलरीकडे मान वर करून उभे.

"डूटी असन."

"असेल."

"पोरगी तं दिसाले पायजे होती. ताप-गीप आला काय तिले? बीएवाले, तू वरत जाऊन पाय."

मी हललो नाही. सहा वर्षं मी यांना रस्ते शोधून देतोय. हा रस्ता मी का चालून दाखवू? "तुम्ही जा काका."

"मी बोललो हावो ना बे, चारचौघात."

"गल्ली आमगावात आहे. इथे मी एकटा आहे, आणि मी कोणाला सांगत नाही."

(हे मी आता लिहितोय खरं, पण त्याला त्यांची परवानगी आहे. "लिव, पन माहा नाच नीट लिव," म्हणाले.)

त्यांनी खाली बघितलं, वर बघितलं. चप्पल काढून हातात घेतली, का ते त्यांनाच ठाऊक, आणि चढले. एकोणीस पायऱ्या, माझ्या पुढे, मधे न थांबता. वर दाराला कुलूप होतं.

काका कुलपासमोर नुसते उभे राहिले. शेजारच्या दारातून पदराला हात पुसत एक बाई आली. "कोण पाहिजे जी?"

"हे वर्षाताईंचे वडील," मी म्हणालो.

"अगं बाई! ते तर सकाळच्या गाडीनं आमगावलाच गेले ना, तुमच्याकडे! नवरा, पोरगी, सगळे. पोरीचा लाकडी नंदी घेऊन. म्हणाली, यंदा मनूचा तान्हा पोळा बाबांच्याच गावात." मग काकांना नीट न्याहाळून म्हणाल्या, "नाचणारे आजोबा तुम्हीच का? तुमच्यापायी ती घर सोडत नाही. मागच्या बाजूच्या खोल्या चांगल्या हवेशीर आहेत, इथल्यासारखी धूळ नाही. मालक दोनदा म्हणाला, घ्या. ही म्हणते, नाही, मला रस्त्यावरचीच पाहिजे."

काका कुलपाखालीच बसले. दोन्ही चपला मांडीवर.

वर्षा त्यांना फोन करत नव्हती असं नाही. दर रविवारी करायची. काका उचलत नसत, पण कापतही नसत. पूर्ण वाजू देत. त्यामुळे येतेय हे तिने सांगायचं तरी कसं? मी शेजारणीकडून वर्षाचा नंबर घेऊन माझ्या फोनवरून लावला, "आबाजी बोलतात" म्हणालो आणि फोन त्यांच्या कानाला धरला. पलीकडून मनूचा आवाज मला इथवर ऐकू आला.

"आबाजी, तुमच्या घराले कुलूप हाय!"

काकांनी फोन माझ्या हातातून घेतला.

"किल्ली ना बेटा," ते म्हणाले, "किल्ली समोरच्या बीएवाल्याच्या आईजवळ हाय. तुह्या आईले सांग, मांगून घे. आन् आयक, घरात पेढे नाई, पन डब्यात मुरमुरे हायत. फळीवर. तुह्या हाताले नाई पुरनार, बाबाले काढाले सांग. तुह्या नंदीले पानी पाज आधी. थांब, आईले दे. दे आईले… हो. मी बोलून राहिलो. वर्षा, जेवले काय तुमी लोक? जावईबापूले माही खाट दे. दोन वाजताची गाडी हाय, मी निंगालोच."

फोन माझ्याकडे न देताच ते उठले. खाली मारबतीमागची उरलीसुरली गर्दी एकाच दिशेने चालली होती. काका स्टेशनच्या बाजूला, त्या सगळ्यांच्या उलट, वाट काढत निघाले. चपला अजून हातातच होत्या, आणि फोन कानाला.