हेल्मेट घालून मॉडेलमध्ये शिरणारे तात्या

आमच्या किसनतात्यांना टॅबवर एखादी इमारत बघायची असली, तर ते आधी डोक्यावर हेल्मेट चढवतात. साइटवरचं, पिवळं, सिमेंटचे डाग पडलेलं. तेही माझ्या सावेडीतल्या ऑफिसात, पंख्याखाली, गादीच्या खुर्चीवर बसून! हनुवटीखालचा पट्टा लावतात, घसा खाकरतात आणि मग फर्मावतात, "हां ताई, उघडा आता."

पहिल्यांदा मला हसू आवरेना. म्हटलं, "अहो तात्या, हे कॉम्प्युटरातलं मॉडेल आहे. इथं तुमच्या डोक्यात वीट पडायची नाही."

"साइट ती साइट," तात्या म्हणाले. "हितली असो न्हाईतर तिथली. शिस्त म्हंजे शिस्त."

बरं, हेल्मेटवरही भागत नाही. पडद्यावर आपण जिन्यापाशी पोचलो, की तात्या खुर्चीत बसल्याबसल्या मान खाली घालतात. जिना मागे पडला की मान वर. जिना कितीही ऐसपैस असो, उंट जाईल एवढी उंची असो, तात्यांची मान खाली जाणार म्हणजे जाणारच. मी आधी समजले, की मानेचं काही दुखणं असेल.

तात्या सोनईचे. बांधकामाचे कॉन्ट्रॅक्टर. साठी उलटलेली, अंगात पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं आणि त्यातलं एकही उमटत नाही. मी आर्किटेक्ट. जिल्ह्याचं नाव बदललं, पाट्या बदलल्या, पण माझ्या तोंडात अजून नगरच येतं, तेव्हा नगरची म्हणा. मी घर कागदावर बांधते, तात्या ते जमिनीवर बांधतात, आणि या दोन घरांचं एकमेकांशी फारसं काही नातं नसायचं.

त्याला कारण होतं. ड्रॉइंग व्हॉट्सअ‍ॅपवर फिरायची. मी पाठवलेल्या फाइलचं नाव 'फायनल'. मग मालकाच्या मेहुण्याला देवघर दुसऱ्या कोपऱ्यात हवं व्हायचं, की 'फायनल नवीन'. मग मेहुण्याच्या बायकोला तो कोपरा पटायचा नाही, की 'फायनल नवीन खरं'. प्लंबरकडे पहिली फाइल, वायरमनकडे दुसरी, आणि तात्यांच्या फोनची मेमरी फुल्ल, म्हणून त्यांच्याकडे कुठलीच नाही. एकदा एका बंगल्यात बैठकीच्या खोलीत सोफा ठेवायच्या जागी कमोडचा पाइप जमिनीतून वर आला होता. मालक त्याच्याकडे बघत उभा, आणि आम्ही सगळे एकमेकांकडे.

मग नागापूरच्या एमआयडीसीत एका कारखान्याचं काम आलं. मालकानं अटच घातली, की सगळी इमारत कॉम्प्युटरात एकाच मॉडेलमध्ये उभी करायची, आणि आर्किटेक्टपासून प्लंबरपर्यंत सगळ्यांनी तेच बघायचं, त्यातच बदल करायचे. तात्या पहिल्या मीटिंगला हाताची घडी घालून बसले.

"मी काय व्हिडिओ गेम खेळायला आलोय व्हय?"

तेवढ्यात कॉम्प्युटरनं दाखवलं, की एसीचा भलामोठा पत्र्याचा डक्ट मधल्या मुख्य बीममधून आरपार चाललाय. टक्कर झाली, म्हणून दोन्ही लालभडक. तात्या ताडकन उठले. "आरं, कोनी घातला तो डबा बीममधून? बंद करा काम!" असं ओरडत त्यांनी खिशातून फोन काढून थेट मुकादमाला लावला. "आत्ताच्या आत्ता सगळं थांबव गड्या! बीम फुटलाय!"

फोन स्पीकरवर होता. मुकादम बिचारा चाचरत म्हणाला, "थांबवू काय तात्या? आजून खड्डं बी न्हाई खांदलं."

आम्ही सगळे हसून लोळायचे बाकी होतो. तात्या मात्र हसले नाहीत. खुर्चीवर बसले आणि कितीतरी वेळ त्या लाल बीमकडे बघत राहिले. मग मला म्हणाले, "ताई, म्हंजे चूक घडली, पन घडली न्हाई?"

"नाही घडली अजून."

"आनि आता घडनार बी न्हाई?"

"आता कशी घडेल? डक्ट खालून घेऊ."

"मंग हे आधी का नव्हतं वो?" तात्या म्हणाले. मला वाटलं, सोफ्याच्या जागी आलेल्या त्या पाइपाबद्दल बोलतायत.

त्या दिवसापासून माणूस झपाटला. टॅब घेतला, टॅबला प्लास्टिकचं कव्हर, कव्हरावर आणखी एक कव्हर. 'आधी कॉम्प्युटरात टक्कर, मंग साइटवर चक्कर' हे वाक्य त्यांनी स्वतः रचलं आणि पेंटरकडून गाडीच्या मागच्या काचेवर लिहून घेतलं. दर गुरुवारी माझ्या ऑफिसात प्लंबर, वायरमन, फॅब्रिकेटर यांची बैठक सुरू केली. येताना तात्या चहाचा थर्मास आणतात आणि दोन्ही गुडघ्यांत घट्ट धरून बसतात. मॉडेलमधला शेवटचा लाल डाग जाईपर्यंत झाकण उघडत नाही. एकमेकांचं तोंड न बघणारे प्लंबर आणि वायरमन त्या थर्मासाकडे बघतबघत "तू जरा सरक, मी जरा सरकतो" म्हणायला लागले. मला सॉफ्टवेअरच्या ट्रेनिंगमध्ये जे शिकवलं होतं, त्यात हा थर्मास कुठेच नव्हता.

मॉडेलमध्ये कुठेही बोट ठेवून कॉमेंट टाकता येते, हे कळल्यावर तर माझा छळ मांडला. टाइप करायला नको म्हणून तात्या बोलून टाकतात. 'ताई, हा कोपऱ्यातला खांब लई एकटा वाटतोय.' मी चिडून लिहिलं, 'त्याला सोबतीची गरज नाही, तो भार पेलतो.' लगेच उत्तर, 'तेच म्हनतो मी.'

सोनईच्या एका बागायतदाराच्या बंगल्याच्या वेळी हट्टच धरला, की मॉडेलमध्ये उसानं भरलेली ट्रॉली घाला. आता सॉफ्टवेअरमध्ये मोटारी असतात, कुंड्या असतात, सूटबूट घातलेली गोरी माणसं असतात. ऊस कुठून आणू? बसले मी करवादत ऊस काढत. ट्रॉली पोर्चपाशी वळवली, तर वरचा ऊस सज्जाला घासला. "बगा!" तात्या टाळी वाजवून ओरडले. सज्जा मागे घ्यावा लागला, आणि मला तोंड मिटून बसावं लागलं.

तर असे हे तात्या एके दिवशी थर्मासाशिवाय आले. हेल्मेट मांडीवर. म्हणाले, "ताई, माझ्या घराचं मॉडेल काढायचंय. सोनईच्या."

"बांधून इतकी वर्षं झालेल्या घराचं मॉडेल कशाला हो?"

"टक्कर काढायची हाय."

मापं घ्यायला गेले. घर झकास, दुमजली. खालच्या मजल्यावर तात्या एकटेच. बायको गेली, मुलगा पुण्याला. वर जायला निघाले आणि जिन्याच्या मध्यावर कपाळ असं काही शेकलं म्हणता! डोळ्यांपुढे काजवेच चमकले. भर जिन्यात आडवा बीम. खालून तात्या ओरडले, "वाका, वाका!" पण ते आधी ओरडायला हवं होतं. कपाळ चोळत बघते तर तात्या जिना चढताना न बघताच मान खाली घालत होते. मॉडेल बघताना घालतात, अगदी तश्शी. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला, की हे मानेचं दुखणं नव्हतंच.

मग तिथंच पायरीवर बसून त्यांनी सांगितलं. हे घर तात्या आणि त्यांचा धाकटा भाऊ भानुदास, दोघांनी मिळून बांधलेलं. खालचा मजला तात्यांचा, वरचा भानुदासचा. बांधकाम तात्यांकडे, प्लंबिंग भानुदासकडे. ड्रॉइंग मधेच बदललं. ते दुसऱ्याच कुणी काढलं होतं, नशीब माझं. भानुदासनं नव्या कागदावरून पाइप टाकले, तात्यांनी जुन्या कागदावरून जिना धरला. पाइप आडवे आले, म्हणून जिना सरकवला, आणि तो थेट बीमखाली गेला.

"वास्तुशांतीला भान्याचे सासरे वर निघालं," तात्या म्हणाले. "धाडकन आपाटलं. रगत आलं वो. भरल्या मांडवात मी म्हनलं, तुला कागद वाचता येत न्हाई. त्यो म्हनला, तुला जुनं-नवं कळत न्हाई. हत्यारांची पेटी उचलली आन् बायकोला घेऊन सासुरवाडीला, श्रीगोंद्याला गेला. परत उंबऱ्यात पाय न्हाई ठेवला. दोघं बी आपापल्या कागदापरमानं बरोबरच हुतो ताई. फकस्त कागद दोन हुते."

वरचा मजला मी पाहिला. रिकामा, पण लख्ख. तात्या स्वतः झाडून घेतात. कपाळ दुखतंय असं सांगून मी डोळे पुसले.

मॉडेल तयार झालं. जिना उलट्या बाजूनं फिरवला, तर डोकं सुटत होतं. फक्त पाइप हलवावे लागणार होते. तात्या म्हणाले, "ह्याची लिंक भानुदासला पाठवा. तुमच्या नावानं. माझं नाव बघून उघडायचा न्हाई."

"आणि तरी नाही उघडली तर?"

"तर ऱ्हाऊ द्या जिना हाय तसा. पाइपाला दुसरा मानूस मी घरात घेनार न्हाई."

लिंक गेली. मॉडेलमध्ये कुणी शिरलं की त्याच्या नावाचा हिरवा ठिपका दिसतो. तात्या रोज येऊन हेल्मेट घालून बसायचे आणि ठिपका दिसला नाही, की मॉडेल बंद करून मगच हेल्मेट काढायचे आणि निघून जायचे. गुरुवारच्या बैठकीतसुद्धा लक्ष नसायचं. एकदा तर लाल डाग शिल्लक असतानाच त्यांनी चहा ओतला, आणि प्लंबर घाबरून माझ्याकडे बघायला लागला. मी मनातल्या मनात त्या भानुदासला शिव्या घातल्या. अरे बाबा, नुसतं बोट तर लावायचंय!

आणि एका सकाळी ठिपका उगवला. भानुदास.

"आत आलाय," तात्या कुजबुजले. पट्टा लावला, घसा खाकरायचा मात्र राहिला.

ठिपका ओट्यावर थांबला. बैठकीत आला. स्वयंपाकघरात गेला, मोरीपाशी घुटमळला. मी तिथं कॉमेंट टाकू का विचारलं, तर तात्यांनी ओठावर बोट ठेवलं. मग ठिपका वळला आणि जिन्याकडे निघाला. नव्या नाही, जुन्या जिन्याकडे. मॉडेलमध्ये दोन्ही ठेवले होते. तात्यांची मान आपोआप खाली गेली, आणि पडद्याकडे हात पुढे करून ते म्हणाले, "डोकं सांभाळ रे भान्या."

ठिपका बीमखाली थांबला. मग तिथंच एक कॉमेंट उमटली. तात्यांचा चष्मा ओला झालेला, म्हणून मी वाचून दाखवली.

'दादा, नवा जिना बरोबर हाय. पाइप मी हलवतो. रविवारी येतो. मी येईपर्यंत भिंतीला कोनाचा हात लावू देऊ नको.'

तात्यांनी हेल्मेट काढलं. साइट उघडी असताना त्यांनी हेल्मेट काढलेलं मी पहिल्यांदाच बघत होते. शर्टाच्या बाहीनं त्यांनी तोंड पुसलं, बराच वेळ लावून पुसलं.

"उत्तर काय लिहू तात्या?"

"काही लिहू नका. फकस्त दारात चपलांचा एक जोड टाका. मोठा टाका. भान्याचा पाय लांब हाय."

सॉफ्टवेअरमध्ये चपला नव्हत्याच. या खेपेला करवादले नाही. बसून काढल्या.