जतच्या अण्णांची बेडूकपोहणी

अण्णांच्या खोलीत शिरलं की आधी बेडकाला नमस्कार करावा लागे.

खिडकीत लोणच्याची मोठी काचेची बरणी, तिच्या तोंडाला मलमलीचं फडकं बांधलेलं आणि आत 'गुरुजी'. बेडकाचं नावच गुरुजी. "आदी गुरुजींस्नी राम राम घाल, मग बस," असं अण्णा अगदी गंभीरपणे सांगत. चार-आठ दिवसांनी ते बेडकाला कृष्णेकाठी नेऊन सोडत आणि दुसरा धरून आणत. कुणी विचारलंच तर म्हणत, "जुन्या गुरुजींची बदली झाली."

सांगलीत घाटाकडे उतरणाऱ्या आमच्या बोळात अण्णा एकटेच राहत. फौजेतून हवालदार होऊन परतलेले. रात्री कुपवाडच्या एका कारखान्यावर पहारा करायचे आणि सकाळी घाटावर मुलींना पोहायला शिकवायचे. फक्त मुलींना. "पोरं काय, म्हशीची शेपटी धरून शिकत्यात. पोरीस्नी म्हशीसंगं कोण सोडतंय?" आणि शिकवायचे ते फक्त बेडूकपोहणी. हात आपटत, पाणी उडवत जाणाऱ्यांकडे बघून ते तोंड फिरवत. "ते पोहणं न्हवं, मारामारी हाय."

आम्ही मुली आधी घाटाच्या दगडावर पालथ्या पडायचो आणि अण्णा वरून फौजी आवाजात ओरडायचे, "पाँव समेट! फेक! आता गप पड!" तिसरा हुकूम सगळ्यांत महत्त्वाचा. बेडूक लाथ मारतो आणि मग गप्प पडून पुढे सरकतो, हे गुरुजींकडून शिकायचं. मी धसमुसळेपणा केला की त्यांचं ठरलेलं वाक्य यायचं, "पाण्याशी भांडू नगंस, सुमे. पाणी म्हंजे सासर न्हवं."

गंमत म्हणजे हा माणूस जतचा. तिकडे पावसाळा असतो तो कॅलेंडरात. मेंढपाळाचा मुलगा, भरतीला गेला तेव्हा साहेबानं विचारलं, पोहता येतं का? "म्या म्हटलं, सायेब, पोहण्याइतकं पाणी येका जागी ऱ्हातंय व्हय?" पुढं पलटणीनं त्यांना नदीत ढकललं, ते बुडता बुडता वाचले आणि जे पाण्याच्या प्रेमात पडले ते कायमचे. पण जतची सवय सुटली नाही. आम्ही नदीतून वर आलो की ते आम्हाला पायरीवर उभं करून वेण्या पिळायला लावत. "वाटंवर ठिबकू नगा. नदीचं नदीला द्या."

मी आठवीत असताना शाळेच्या बाईंना माझं पोहणं दिसलं आणि पुण्याच्या निवड चाचणीला मला न्यायचं त्यांनी ठरवलं. त्यांनी अण्णांना सांगितलं की तिथं तलाव असतो, त्याला भिंत असते आणि भिंतीला दोन्ही हात लावून वळावं लागतं. अण्णा विचारात पडले. आमच्या कृष्णेला भिंत कुठली? दुसऱ्या दिवशी ते डोक्यावर एक दार घेऊन घाटावर आले. त्यांच्याच खोलीचं दार! दोन नावाड्यांनी ते पाण्यात आडवं धरलं आणि मी पोहत जाऊन, दोन्ही तळवे आपटून वळायला लागले. माझ्या धक्क्यानं एकदा दार, नावाडी आणि नावाड्यांची विडी असं सगळंच पाण्यात गेलं. अण्णांनी दार आधी वाचवलं. तेवढे दिवस त्यांच्या खोलीला दाराच्या जागी गोणपाट होतं.

पुण्याला बाईंनीच नेलं. तिथं मी पहिली आले आणि मुंबईला होणाऱ्या शाळकरी मुलामुलींच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेत शंभर मीटर बेडूकपोहणीसाठी माझी निवड झाली. त्यात कुठकुठल्या देशांतल्या मुली येणार होत्या. बाबांना रजा मिळेना. अण्णा म्हणाले, "म्या जातो. पोर माझी... माझी शिष्या हाय." आणि मुंबईच्या घामट हवेत फौजेची लोकरी बंडी घालून ते बाईंच्या आणि माझ्या मागं चालू लागले.

तलाव बघून ते थबकले. सबंध कडेनं एक फेरी मारली. वाकून ओंजळीत पाणी घेतलं आणि चाखलं. "बाई, ह्यात औशिद हाय." मग त्यांचं लक्ष काठावरून पन्हळीत वाहून जाणाऱ्या पाण्याकडे गेलं आणि ते पांढऱ्या कपड्यातल्या एका अधिकाऱ्याकडे धावले. "आवं सायेब, सांडतंय की! कोण तरी नळाची चावी बंद करा!" ते पाणी तसंच वाहायचं असतं, गाळून पुन्हा आत येतं, हे बाईंनी परोपरीनं समजावलं. अण्णांना पटलं नाही.

माझी शर्यत पुकारली तेव्हा ते जवळ आले. मला वाटलं, आता सासरचं वाक्य येणार. पण ते पाण्याकडे बघत म्हणाले, "येवढं पाणी, सुमे. तळ दिसतोय. आणि त्यात तू येकटी."

"आठजणी आहोत अण्णा."

"बाकीच्या माझ्या न्हाईत."

शेजारच्या मुली माझ्याहून हातभर उंच होत्या. त्यांच्या टोप्या, त्यांचे खांदे बघूनच माझे पाय पाण्याआधी गार पडले. पण इशारा झाला, मी उडी घेतली आणि आतली शांतता ओळखीची निघाली. पाय ओढ, फेक, गप पड. भिंत आली. दोन्ही तळवे लावून वळले. परत येताना डोकं वर निघेल तेव्हा इतकंच दिसायचं की माझ्यापुढे दोन टोप्या आहेत आणि तिसरी, पिवळी, माझ्या बरोबरीनं चालली आहे. शेवटच्या काही हातांत मी पिवळीला मागं टाकलं आणि काठ धरला.

वर बघते तर बाई चक्क नाचत होत्या. तिसरी! सांगलीची पोर तिसरी! पण काठावरच्या एका अधिकाऱ्यानं हात वर केला होता. ध्वनिक्षेपकावरून इंग्रजीत काहीतरी सांगितलं गेलं आणि बाई नाचायच्या थांबल्या. शेवटी मी एकाच हातानं काठ धरला होता. नियमानं दोन्ही हात एकदम लागायला हवे होते. मी बाद झाले होते. पुण्यात दोन्ही हात लागले ते निव्वळ नशिबानं.

मी टॉवेलात तोंड खुपसून रडायला लागले. अण्णांनी बाईंकडून सगळं नीट समजून घेतलं. मग बंडी खाली ओढली, केस सारखे केले आणि मुख्य अधिकाऱ्यापुढे जाऊन खाडकन सलाम ठोकला.

"सायेब, पोरीची चूक न्हाई. चूक माझी. नदीत शिकिवली मी तिला. पोहून झालं की घाटाची पायरी येका हातानं धरायची नि वर यायचं, हेच तिला ठावं. म्या तिला वळायला शिकिवलं, थांबायला शिकवायचं राह्यलं."

बाईंनी ते इंग्रजीत सांगितलं. तो गोरा अधिकारी उठून उभा राहिला, त्यानं अण्णांचा हात हातात घेतला. निकाल मात्र बदलला नाही, आणि तो बदलावा असं अण्णा म्हणालेही नाहीत. मला म्हणाले, "चल, केस पूस. सर्दी हुईल."

सांगलीत बोळातला जो तो विचारायचा. अण्णा सगळ्यांना एकच सांगायचे, "तिसरी आलीती, पर हात येकच लागला. बाद धरली." कमी नाही, जास्त नाही. फौजी माणूस.

महिन्याभरानं ते आमच्याकडे आले आणि बाबांना म्हणाले, "पोरीला येक दिस जतला न्यायची हाय. आमची मंडळी वाट बघतीय."

आईच्या हातातलं उलथनं खाली पडलं. सबंध बोळ अण्णांना ब्रह्मचारी समजत होता! त्या कुतूहलापायी आईही एस.टी.त बसली.

माळावर मातीचं घर, पुढं मेंढरं कोंडायचा वाडगा. अण्णांच्या बायकोचं नाव गंगव्वा. उंच, कपाळभर गोंदलेलं, बोलणं अर्धं कानडी. आधी अंथरुणाला खिळलेल्या सासूपायी आणि मग मेंढरांपायी ती जत सोडून कधी निघालीच नव्हती. मूलबाळ नव्हतं. अण्णा रजा मिळेल तेव्हा यायचे आणि तिला सांगलीच्या पोरींच्या गोष्टी सांगायचे.

"किती वर्सं सांगतोय, पोरी पाण्यावर निजत्यात म्हनून," अण्णा कुरकुरले. "खोटं म्हंती."

गंगव्वानं माझे दंड चाचपून बघितले. "पाय टेकत न्हाईत?"

"नाही."

"मग धरतंय कोण?"

"पाणीच धरतं," मी म्हटलं. ती तोंडाला पदर लावून हसली. मग मी बाजेवर पालथी पडून हातपाय चालवून दाखवले. तोवर शेजारच्या बायका-माणसं जमली आणि अण्णा उठून उभे राहिले.

ते कानडीत बोलायला लागले. मला शब्द कळत नव्हते, पण गोष्ट कळत होती. उंच मुली, माझी उडी, वळण. सांगलीत दोन वाक्यांत शर्यत संपवणारा हा माणूस इथं अंगणभर पोहत होता. दोन बोटं वर झाली, जमलेल्यांतल्या एकीच्या पिवळ्या लुगड्याकडे बोट गेलं, ती मागं पडली. आणि मग अण्णा धावत घराच्या भिंतीपाशी गेले आणि त्यांनी दोन्ही तळवे एकदम भिंतीवर मारले. धप्प!

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. एका म्हातारीनं माझ्या तोंडावरून हात फिरवून बोटं मोडली. अण्णा मान ताठ करून पुन्हा पुन्हा सगळ्यांना एकच काहीतरी सांगत होते, 'नम्म हुडगी, नम्म हुडगी.'

"म्हणजे काय?" मी गंगव्वाला हळूच विचारलं.

"आमची पोर," ती म्हणाली.

अण्णांनी माझ्याकडे बघायचं टाळलं. तळव्यांना लागलेली भिंतीची पांढरी माती ते कितीतरी वेळ धोतराला पुसत राहिले.