पितरांच्या घुगऱ्या

पुढच्या दाराने घरात शिरावं की मागच्या भिंतीवरून उडी मारावी, एवढा साधा प्रश्न ओनेटोरपुढे होता. आणि साधे प्रश्न सोडवताना या एका माणसाने जेवढे घोटाळे केलेत, तेवढे आमच्या अख्ख्या थोरिकोस गावाने मिळून केले नसतील.

दाराला कोणीतरी डांबर फासलं होतं. ताजं, ओघळणारं, काळं कुळकुळीत. ओनेटोरच्या अंगावर होती नवी कोरी पांढरी शाल. थासोस बेटावर दुसऱ्याच्या द्राक्षमळ्यात दोन हिवाळे राबून त्याने ती मिळवली होती. मेलिताने, म्हणजे त्याच्या बायकोने, आधी शाल बघावी आणि मग नवरा, असा त्याचा बेत होता. (नवरा बघून निराशा झालीच, तर निदान शाल तरी राहते.) शालीला डांबर लागू नये म्हणून त्याने वळसा घातला आणि भिंतीवरून आत उडी मारली.

आता थोडी अक्कल असलेल्या माणसाने उडी मारण्याआधी विचार केला असता. डांबर कशाला फासलंय? गल्लीतली सगळीच दारं काळी का? देवळांच्या दारांना आडवे दोर का बांधलेत? समुद्रावरून धुकं आलं होतं, भरदिवसा चार हातांवरचं दिसत नव्हतं, आणि त्या धुक्यात जो भेटेल तो तोंडाने काटेरी झुडपाची पानं चघळत होता. एरवी गप्पांना सोकावलेला कुंभार समोरून आला. "काय, बरं आहे ना?" ओनेटोरने हाक मारली. कुंभाराने मान खाली घातली, बाजूला होऊन अदबीने वाट दिली आणि पानं चघळत उभा राहिला. दोन वर्षांनी परत आलेल्या माणसाला बघून गावात एकही जण दचकला नाही. ओनेटोरला त्याचं फार वाईट वाटलं.

दचकतील कसे? तो पितरांचा दिवस होता! वर्षातून एकदा मेलेली माणसं वर येतात, आपापल्या घरी फिरून जातात. परकी भुतं आत शिरू नयेत म्हणून डांबर आणि दोर, जीव शाबूत राहावा म्हणून ती पानं. आणि ओनेटोर तर गावाच्या हिशेबी दोन वर्षांपूर्वीच बुडून मेला होता. त्याचे दिवस घातले होते, वेशीवर दगड उभा केला होता. तो येणार हे सगळ्यांनी धरलंच होतं. एकट्या त्यालाच ठाऊक नव्हतं, कारण थासोसचे महिने वेगळे आणि आमचे वेगळे. तिथल्या मोजणीने हा सण अजून लांब होता.

अंगणात चुलीपाशी मेलिता बसली होती. दोन वर्षांत बारीक झाली होती.

"मेलिता, मी आलोय गं."

तिने वर बघितलं नाही. हातातली पळी तेवढी थांबली.

"आलात? बसा. बोलू नका मात्र. तुम्ही लोक बोललात की घरात आजारपण येतं म्हणतात."

"तुम्ही लोक म्हणजे कोण?"

कोपऱ्यातून सासूबाई आर्खिप्पा म्हणाल्या, "जावईबापू, अहो मेलेल्या माणसाने असं उलटून विचारू नये. शोभत नाही."

"मी मेलेलो नाही!"

"सुरुवातीला सगळ्यांचं असंच होतं," सासूबाई पानं चघळत मायेने म्हणाल्या. "आमच्या यांनाही तीन वर्षं पटत नव्हतं."

"अहो, पण मी भिंतीवरून आलो!"

"तेच तर. दाराला डांबर असलं की तुमच्यातले भिंतीवरूनच येतात."

ओनेटोरने पुढे होऊन बायकोचा हात धरला. धुक्यात होडीतून आलेल्या माणसाचा हात, तो बर्फासारखा लागणारच. मेलिताने हात ओढून घेतला आणि एकदम तोंडावर पदर दाबला.

"किती गार पडलेत हो," ती कशीबशी म्हणाली.

गोठ्यापाशी त्याचा लाडका कुत्रा झोपला होता. त्याने मान उचलली, शालीकडे बघितलं आणि शेपूट पायात घालून बाकाखाली शिरला. तेव्हा पहिल्यांदा ओनेटोरच्या पाठीतून एक बारीक शिरशिरी गेली.

मग मेलिता बोलायला लागली. त्याच्याकडे न बघता, चुलीतल्या विस्तवाशी बोलल्यासारखी. संसाराच्या काळात तिने चार वाक्यं बोलायला घेतली की तिसऱ्याला हा मध्ये तोंड घालायचा. आज तशी सोय नव्हती.

"तुमच्या दगडावर मी 'वादळाशी वीरासारखा झुंजला' असं लिहून घेतलं. खरं म्हणजे तुम्हाला ओकारी लागली असणार."

(लागली होती. जहाज फुटलं तेव्हा आपला वीर एका रिकाम्या पिंपाला मिठी मारून ओकत होता, आणि त्या पिंपानेच त्याला थासोसच्या किनाऱ्याला लावून वाचवलं.)

"गाव तुम्हाला मान देतं आता. जिवंतपणी कुत्र्यानेही विचारलं नव्हतं. तुम्ही घोरायचात, मला झोप लागायची नाही. आता घर शांत असतं, तरीही लागत नाही. उद्या सकाळी तो दोरवाला बातोन येणार आहे, माझ्याशी लग्नाची बोलणी पक्की करायला. आई म्हणते, हो म्हण. भला माणूस आहे. घोरत नाही म्हणे. मी एवढंच सांगायला थांबले होते, की मला तुम्हीच हवे होतात. शहाणे नव्हतात, तरीही."

ओनेटोरला रडू कोसळलं. त्याला कितीतरी बोलायचं होतं. पण हा माणूस मनातून हलला की त्याला भूक लागते, हा त्याचा जन्माचा दोष. चुलीवर मधातल्या घुगऱ्या होत्या, सगळ्या धान्यांच्या, वाफाळत्या. रडता रडता त्याने मडकं मांडीवर ओढलं आणि खायला लागला.

मेलिताने डोळे मिटून घेतले. सासूबाईंनी सुस्कारा सोडला. "बघितलंस ना? अजून शंका होती तुला. जिवंत माणूस पितरांच्या घुगऱ्यांना शिवेल का?"

शेवटचा घास ओनेटोरच्या घशातच अडकला. मग त्याने शांतपणे विचार केला, आणि विचार करणं ही त्याची आणखी एक चूक झाली. थासोसहून आणणाऱ्या जहाजाने त्याला समोरच्या बेटावर सोडलं होतं. तिथून ज्या म्हाताऱ्याने होडीतून पैलतीरी आणलं, तो वाटभर एक अक्षर बोलला नव्हता. नुसता हात पुढे केला होता, नाण्यासाठी. मेलेल्यांना पैलतीरी नेणारा नावाडीही असंच नाणं मागतो म्हणतात. कुंभार बोलला नाही. कुत्रा घाबरला. आणि ते पिंप? पिंपाला मिठी मारून आजवर कोण वाचलंय? कदाचित तो तेव्हाच बुडाला होता, आणि थासोस, मळा, शाल, हे सगळं त्यानंतरचं काहीतरी होतं. त्याने स्वतःच्या छातीवर हात ठेवून बघितलं. धडधडत होतं खरं. पण मेल्यावर धडधडत नाही असं त्याला कुठे कोणी सांगितलं होतं?

दिवस मावळला. गल्लीतली दारं एकामागून एक उघडली आणि गाव एका आवाजात ओरडायला लागलं, "चला पितरांनो, निघा! सण संपला!" मेलिताही दारात उभी राहिली. पहिल्यांदा ओरडली. दुसऱ्यांदा तिचा आवाज फाटला.

ओनेटोर उठला. तिला त्रास नको म्हणून शाल सावरत तिच्या शेजारून मुकाट्याने बाहेर पडला. भित्रा होता, बावळट होता, पण त्या क्षणी तो माणूस खरोखर चांगला वागला, हे मान्य केलं पाहिजे.

गल्लीत धुकं होतं, आणि धुक्यात तो एकटा नव्हता. डावीउजवीकडून कितीतरी जण वेशीकडे चालले होते. पावलांचा आवाज नव्हता. ओल्या मातीचा वास तेवढा येत होता. कोणाच्या कडेवर मूल होतं, कोणी वळून वळून आपल्या दाराकडे बघत होतं. एवढ्यात कानाशी ओळखीचा, चिडका आवाज आला.

"माझ्या घुगऱ्या कोणी खाल्ल्या?"

चार वर्षांपूर्वी वारलेले त्याचे बाबा होते.

"बाबा! मी... मी खाल्ल्या."

"सगळ्या?"

"भूक लागली होती."

बाबा थांबले. त्यांच्याबरोबर आजूबाजूचे सगळेच थांबले, आणि एवढे मेलेले डोळे एकदम ओनेटोरकडे वळले.

"अरे गाढवा, आम्हाला भूक लागत नाही. आम्ही नुसता वास घेतो. तू मडकं चाटूनपुसून साफ केलंस! जिवंत आहेस तू! इकडे कुठे निघालास?"

"सगळे म्हणाले मी मेलोय."

"सगळे म्हणाले म्हणून मेलास?" बाबांनी कपाळावर हात मारून घेतला. त्याचा आवाज झाला नाही. "लहानपणापासून असाच. जा घरी. मागे बघू नकोस."

"बाबा, तुम्ही बरे आहात ना?"

बाबांनी वेशीकडे बघितलं. "गर्दी फार आहे तिकडे," ते हळूच म्हणाले. "पण आज तू दिसलास. जा आता."

ओनेटोर जो पळत सुटला तो थेट दारावर आदळला. मेलिताने हातात मुसळ घेऊन दार किलकिलं केलं.

"सण संपलाय! जा!"

"मेलिता, मी जिवंत आहे!"

"कशावरून?"

"बाबांनी सांगितलं!"

"कोणत्या बाबांनी?"

"माझ्या. वारलेल्या."

मेलिताने सरळ मुसळ उचललं आणि त्याच्या डोक्यात घातलं. "आई गं!" ओनेटोर खाली बसला. दिव्याच्या उजेडात त्याच्या कपाळावर भलंमोठं टेंगूळ वर यायला लागलं. तिने ते बोटाने दाबून बघितलं. गरम होतं. मुसळ टाकून ती त्याच्या गळ्यात पडली आणि हमसून हमसून रडली.

"आपण जिवंत आहोत की नाही, हे मेलेल्याला विचारून येणारा माणूस," ती हुंदके देत म्हणाली, "जगात एकच आहे. माझाच आहे!"

दोरवाल्याला सकाळी दारातूनच परत पाठवलं. पण सासूबाई ऐकेनात. ज्याचे दिवस घातले, तो माणूस पुन्हा जन्मल्याशिवाय घरात घ्यायचा नाही, अशी आमच्याकडची रीत. तेव्हा सुईण आली. दाढीमिशांसकट ओनेटोरला कोमट पाण्याने न्हाऊ घातलं, गळ्यापर्यंत दुपट्यात गुंडाळलं आणि मेलिताच्या मांडीवर दिलं. मुलगा झाला म्हणून दारावर ऑलिव्हच्या पानांची माळ लागली. बायका बघायला येऊन गेल्या. कुंभारीण म्हणाली, बाळ जरा मंद दिसतंय.

बारशाच्या दिवशी सासूबाईंनी विचारलं, "मेलिता, नवीन जन्म आहे. नावही नवीन ठेवायचं का गं?"

मेलिताने दुपट्यातल्या नवऱ्याकडे पायापासून डोक्यापर्यंत एकदा नीट बघितलं.

"नाव राहू दे तेच," ती म्हणाली. "बाकीचं सगळं बदलायचंय."